नाटकातले खडे निवडणारी

नाटक मंडळीत मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत उभं राहायचं, वही हातात धरायची, आणि नट अडकला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं. एकवीस वर्षं हेच करतोय. प्रेक्षकांना मी कधी दिसत नाही, असा माझा समज होता.

तो समज वडशाच्या बाजारात मोडला. मी वांगी निवडत होतो. शेजारी पन्नाशीची एक सावळी बाई उभी होती. तिनं डोळे बारीक करून माझ्या हाताकडं पाहिलं आणि सोबतच्या उंच म्हाताऱ्याच्या दंडाला बोट लावलं. त्यानंही पाहिलं. मग दोघं हसायला लागले. म्हातारा तर असा हसला की वांगीवाली दचकली.

"काय झालं जी?" मी विचारलं.

"काई नाई भाऊ," ती म्हणाली. "तुमी 'सातबारावरची लेक' मधलं कोपर आहा ना?"

मला काही कळेना.

"तिसऱ्या अंकात लेक कचेरीत जाते, तवा डाव्या विंगेतून एक कोपर भायेर येते. निळं स्वेटर, कोपराले भोक. सहाव्या खेळाले त्या भोकाले कोणंतरी हिरव्या धाग्यानं रफू केलं होतं."

मी हात वळवून पाहिलं. रफू हिरवाच होता. बायकोला निळा धागा सापडला नव्हता.

"सहा वेळा पाहिलं तुम्ही नाटक?"

"सात वेळा. सातव्यात तुमी दिसलेच नाई. आमचे हे लय नाराज झाले."

सातव्या खेळाला मला ताप होता, आणि वही दुसऱ्यानं धरली होती. घरी बायकोशिवाय हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाजी घ्यायचं विसरून मी त्या दोघांबरोबर चहाच्या टपरीवर गेलो.

तिचं नाव कमलाबाई उंदीरवाडे. माहेर आरमोरीकडचं. लग्न होऊन वडशाला आली आणि तेव्हापासून एका राइस मिलमध्ये तांदूळ निवडते. सूप मांडीवर घ्यायचं, तांदूळ पसरायचा आणि खडा, काळा दाणा, मातीचं ढेकूळ बोटानं बाजूला करायचं. चोवीस वर्षांत तिचे डोळे असे झालेत की जिथं जे नसायला हवं, नेमकं तेच तिला आधी दिसतं. नवरा गुलाबराव त्याच मिलमध्ये हालरवर होता. धानाचं टरफल काढणारं ते यंत्र दिवसभर अंगावर आल्यासारखं गरजतं. गुलाबभाऊंचे कान हळूहळू गेले. आधी पाखरांचा आवाज गेला, मग बायकोचा, मग फटाक्यांचा. आता त्यांना मालगाडी गेली तर पायाखालची जमीन हलते तेवढीच कळते.

बहिऱ्याशी बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मोठ्यानं बोलायचं म्हणजे चार लोकांना ऐकवत बोलावं लागतं. म्हणून लोकांनी गुलाबभाऊंशी बोलणंच सोडलं. लग्नात भेटले की हसून पुढे जायचे. रविवारी विहारात वंदनेला ते सगळ्यांबरोबर ओठ हलवायचे, पण वंदना संपली तरी त्यांचे ओठ हलत राहायचे, आणि पोरं हसायची. कमलाबाईनं एकदा त्या पोरांच्या आयांना असं काही सुनावलं की पुढच्या रविवारी सगळी वंदना गुलाबभाऊंच्या चालीनं झाली.

गुलाबभाऊंना नाटकाचं वेड लहानपणापासून. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं सुरू होतात. धान निघालेल्या शेताच्या बांधीत शामियाना लागतो, आणि होळीपर्यंत एकही गाव सुनं जात नाही. कान गेल्यावर गुलाबभाऊंनी तीन वर्षं नाटक पाहिलं नाही. कमलाबाईनं दोन तिकिटं काढली, तेव्हा तिचा दीर म्हणाला, "वयनी, त्याले कायले नेता? भिंतीले नाटक दाखवल्यासारखं आहे ते."

"मंग भिंतीची बी तिकीट काढतो," ती म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन गेली. खुर्च्या अगदी पहिल्या रांगेतल्या.

पहिला अंकभर गुलाबभाऊ मांडीवर हात ठेवून बसले होते, बसची वाट पाहत असल्यासारखे. कमलाबाईला वाटलं, चुकलंच आपलं. दुसऱ्या अंकात राजा सिंहासनावर बसला, आणि गुलाबभाऊंनी तिला कोपरानं ढोसलं. सिंहासनाच्या पाठीवर सोनेरी रंग मारला होता, पण त्या रंगाखालून अक्षरं दिसत होती: 'शुभ विवाह'. डेकोरेशनवाल्याकडून आणलेली नवरदेवाची खुर्ची होती ती. राजा प्रजेला दुष्काळाचं सांगत होता आणि हे दोघं तोंडात पदर आणि मफलर कोंबून हसत होते.

"तीन वर्षांनं हसले ते," कमलाबाईनं मला टपरीवर सांगितलं. "त्या दिवशी ठरवलं, आता एकबी नाटक सोडाचं नाई."

तेव्हापासून दोघं नाटक डोळ्यांनी पाहतात, आणि आमच्या नाटकांत काय काय आहे ते मला त्यांच्याकडून कळलं. लेक विहिरीवर पितळेची घागर घेऊन जाते आणि स्टीलची घेऊन परत येते. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो आहे, तेच आजोबा पुढच्या प्रवेशात तलाठी होऊन येतात. खलनायकाच्या गालावरचा तीळ मध्यंतरानंतर दुसऱ्या गालावर जातो. आणि मुंबईचा जो पडदा आहे, उंच इमारतींचा, त्यातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्याच्या खिडकीत एक शेळी उभी आहे.

ही शेळी मी एकवीस वर्षांत पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. होती. पांढरी, एक कान काळा. पडदा रंगवणाऱ्या जंगूला विचारलं तर तो आधी लाजला. म्हणाला, "माझी होती जी. त्या सालीच मेली. कुठीतरी ठेवावं वाटलं."

मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत कमलाबाई हे सगळं बायांना सांगायची. तिच्यासोबत तांदूळ निवडणारी सुकरी तिचं बोलणं मोबाइलवर घ्यायला लागली. मांडीवर सूप, केसांत कोंडा, आणि तोंडानं चाललेलं: "आजचा खडा आयका बाप्पा!" एकेक मिनिटाचे तुकडे. पहिल्या महिन्यात ते वडशात फिरले, दुसऱ्या महिन्यात ऊर्जानगरच्या क्वार्टरांपासून भद्रावतीच्या कॉलनीपर्यंत गेले. कोणीतरी खाली लिहिलं, 'बाई, जरा शुद्ध मराठीत बोला.' कमलाबाईनं पुढच्या वेळी सांगितलं, "माह्या बोलीत खडा दिसते. शुद्ध भाषेत तुमी पाहा, दिसला त मले सांगा."

लोक नाटकाला येताना आता बोट दाखवायला तयार होऊन येऊ लागले. शेळी आली की टाळ्या पडायच्या. आमच्यातल्या काहींना मजा वाटायची. काहींना नाही.

मंडळीचे मालक गुणवंतराव दोनाडकर यांना अजिबात नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगतो. स्वतः ट्रकबरोबर फिरतात, नटांच्या आधी कधी जेवत नाहीत. चाळीस घरं या चार महिन्यांवर वर्ष काढतात आणि त्या चाळीस घरांचं ओझं त्यांच्या मानेवर असतं. नाटकाची चेष्टा झाली की त्यांना कोणीतरी आपल्या ताटात माती टाकल्यासारखं वाटतं.

पिंपळबोडीच्या मंडईत ते घडलं. शेवटचा अंक होता. बाप मरतो. मरताना लेकीचा हात धरून सांगतो, सातबारावर तुझं नाव घालायचं राहून गेलं, पोरी. बापाचं काम चैतू करतो. तो हे असं करतो की एकवीस वर्षांनंतरही मला विंगेत डोळे पुसावे लागतात. शामियाना गप्प झाला होता. चैतूनं थरथरता हात वर केला, आणि मनगटावर घड्याळ होतं. त्याच्या भाच्यानं दिलेलं, नव्या तऱ्हेचं, हात उचलला की आपोआप उजळणारं. मरणाऱ्या शेतकऱ्याच्या मनगटावर हिरवे आकडे लखलखले.

पहिल्या रांगेतून गुलाबभाऊ हसले.

त्यांचं हसू त्यांना स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून त्यांना त्याचं माप नाही. ते पोटातून येतं आणि अडवायला कोणी नसतं. मागच्या रांगेनं वळून पाहिलं, मग मंचाकडं पाहिलं, मग तीही हसली. बघता बघता सगळा शामियाना हसला. चैतू तसाच हात वर धरून राहिला, आणि बाप कधी मेला ते कोणाला कळलंच नाही.

चौथ्या दिवशी दोन गावांनी ठरलेले खेळ रद्द केले. "तुमच्या नाटकात आता रडू येत नाई म्हणतात," असा निरोप आला.

गुणवंतरावांनी मला तिला बोलवायला पाठवलं. कमलाबाई मिल सुटल्यावर, केसांतला कोंडा न झटकता, नवऱ्याला घेऊन आमच्या ऑफिसात आली. रस्त्यावर उघडणारी एक खोली, बाहेर नाटकाचा बोर्ड, आत चार खुर्च्या.

"बाई," गुणवंतराव म्हणाले, "तुमच्या हसण्यानं चाळीस घरांच्या पोटावर पाय येऊन राह्यला. मी भांडत नाई. एवढंच करा. मोबाइलवर सांगा, आमचं चुकलं, आमी माफी मागतो. विषय संपला."

"घड्याळ कोणाच्या हातात होतं जी?"

"चैतूच्या."

"मंग मी माफी काऊन मागू?"

"हसलं कोण?"

"आमचे हे हसले. घड्याळ दिसलं म्हणून हसले."

"घड्याळ सगळ्याइले दिसलं असन. पयले ते हसले."

कमलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "सगळ्याइले चैतूभाऊचा आवाज आयकू येते, भाऊ. तो मरून राह्यला हे त्याइच्या कानात जाते. ह्याइच्या कानात काईच नाई जात. ह्याइच्यासाठी नाटक म्हणजे जे दिसते तेच. तुमी त्याइले घड्याळ दाखवलं, त्याइनं घड्याळ पायलं."

"मंग बहिऱ्या माणसाले नाटकाले आणू नोका!"

बोलून गेल्यावर गुणवंतरावांनाही ते लागलं असावं. त्यांनी टेबलावरचा पेन उचलून परत ठेवला. गुलाबभाऊ आमच्या तोंडांकडं बघत होते. त्यांनी बायकोला विचारलं, "काय म्हणते?"

मला वाटलं, ती काहीतरी सांभाळून सांगेल. ती त्यांच्याकडं वळली आणि ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाली, "भाऊ म्हणून राह्यले, बहिऱ्यानं नाटकाले येऊ नाई."

गुलाबभाऊ उठले. त्यांचा आवाज रस्त्यावर गेला. समोरचा पंक्चरवाला थांबला. "मी नऊ वर्षाचा होतो तवा बापाच्या खांद्यावर बसून पयलं नाटक पायलं. तवा तुमी जलमले बी नव्हते. मले कोण सांगते येऊ नोको म्हणून?"

"आमी येतो," कमलाबाई म्हणाली. "फुकट येत नाई, तिकीट काढून येतो. माफी नाई भेटत."

ती गेल्यावर गुणवंतरावांनी मला कागद पुढे केला. माझं अक्षर चांगलं आहे, मंडळीच्या सगळ्या पाट्या मीच लिहितो. मी लिहिलं: 'या बाईला व तिच्या सोबत्याला तिकीट देऊ नये.' वर तिच्या व्हिडिओतला फोटो चिकटवला. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

पुढचा खेळ मोहटोल्याला होता. अंधार पडला तसे लोक यायला लागले. कमलाबाई आणि गुलाबभाऊ सायकलरिक्षानं, मग एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पोचले. तिकिटाच्या टेबलावर माझी चिठ्ठी लावलेली होती. तिनं ती वाचली, अक्षराकडं पाहिलं, आणि कनातीजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं.

"छान लिवलं भाऊ," ती म्हणाली. "फक्त फोटोत अर्धा हात सुकरीचा आला. तिलेबी बंदी आहे का?"

मी कनातीचा दोर उगाच घट्ट करायला लागलो.

तिनं भांडण केलं नाही. पिशवीतून चादर काढली, दाराच्या अगदी समोर अंथरली आणि नवऱ्याचा हात धरून बसली. येणाऱ्यांना वळसा घालून जावं लागायचं, म्हणून जो तो विचारायचा, "काय झालं बाई?" ती प्रत्येकाला तेच सांगायची, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही: "माह्या नवऱ्याले आयकू येत नाई, म्हणून याइले नाटक पायाची बंदी आहे. आमी नाई उठत."

आधी मागून आलेली सुकरी आणि मिलच्या तिघी बसल्या. मग मोहटोल्याचे एक आजोबा काठी टेकत आले. त्यांनी कानामागं हात धरून सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि म्हणाले, "मले बी कमीच येते आयकू. सरका." त्यांच्यामागून त्यांची सून, मग सुनेच्या शेजारणी. तिकीट काढलेले लोकही आत जाण्याऐवजी तिथंच रेंगाळले. आतल्या खुर्च्या रिकाम्या आणि दाराबाहेर गर्दी. नांदी थांबली.

गुणवंतराव तणतणत बाहेर आले. "बाई, रस्ता अडवणं गुन्हा आहे. मी पोलीस बोलावतो."

"बोलवा. त्याइले तुमची चिठ्ठी वाचून दाखवतो."

"तुमाले पाहिजे काय?"

"दोन तिकिटं. पयल्या रांगेतली. दुसरं काई नाई."

तेवढ्यात करिष्मा आली. करिष्मा आमची मुख्य नटी, सातबारावरची लेक तीच. अर्धा मेकअप झालेला, एका डोळ्यात काजळ, दुसरा कोरा. ती सरळ येऊन चादरीच्या कडेला बसली. लोकांत कुजबूज झाली.

"तू काऊन बसली?" गुणवंतराव म्हणाले. "ऊठ, पडदा उघडाचा आहे."

करिष्मानं डाव्या कानावरचे केस मागं घेतले. तिथं साधी पितळेची बाळी होती. उजव्या कानात मोठं झुबं.

"भाऊ, सहा वर्षं तुमच्या मंडळीत काम करून राह्यले. राणी झाले, मोलकरीण झाले, नवरी झाले. दर खेळात या कानात हेच आहे. तुमाले दिसलं कधी?"

गुणवंतरावांना दिसलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तिच्यापासून चार हातांवर उभा असतो.

"माझ्या आईची आहे. ती बी नाटकातच होती, मागं नाचाची. कोणाले तिचं नाव माहीत नाई. जोडीतली एक हरवली, एक राह्यली. ती मी मंचावर नेतो." तिनं कमलाबाईकडं मान वळवली. "या बाईनं दिवाळीच्या पयल्या खेळालेच पायलं. मागं येऊन हळूच विचारलं, ही कोणाची जी? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मंग हे आमी कोणाले सांगत नाई. आतापर्यंत एका व्हिडिओत आलं नाई. कोणत्या गोष्टीवर हसाचं अन् कोणती गोष्ट झाकून ठेवाची, हे त्याइले समजते. त्याइलेच तुमी भायेर बसवून राह्यले."

"मंग तू आता काऊन सांगितलं पोरी?" कमलाबाई म्हणाली. तिचा आवाज त्या दिवसात पहिल्यांदा हलला होता.

"माझी गोष्ट आहे. मले वाटलं तवा सांगितली."

गुणवंतरावांनी ती बाळी वाकून पाहिली. मग तिकीटवाल्याला म्हणाले, "मागं दोन खुर्च्या दे."

"मागून ह्याइले काय दिसन?" कमलाबाई बसल्याबसल्याच म्हणाली. "पयल्या रांगेतल्या द्या."

गुणवंतराव वळले आणि आत गेले. तिकीटवाला माझ्याकडं बघायला लागला. मी टेबलाजवळ गेलो, चिठ्ठी उपटली आणि खिशात घातली. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. तिकीटवाल्यानं पहिल्या रांगेतली दोन फाडली.

त्या खेळाला मी वहीपेक्षा पहिल्या रांगेकडंच जास्त पाहिलं. चैतूनं घड्याळ काढून ठेवलं होतं. शेवटच्या अंकात त्यानं हात वर केला, आणि मनगटाभोवती घड्याळाच्या जागेचा गोरा पट्टा दिसला. बाकी हात उन्हानं काळा, मधेच गोरी पट्टी. मला दिसला म्हणजे गुलाबभाऊंना दिसणारच.

ते हसले. तसंच, पोटातून. शामियानाही हसला. मी गुणवंतरावांकडं पाहिलं. ते विंगेच्या टोकाला खांब धरून उभे होते. चैतूनं मरता मरता तो हात गोधडीखाली घातला, दुसरा वर काढला आणि लेकीचा हात धरून पुढचं वाक्य म्हणाला. मी प्रॉम्प्ट करायची गरज पडली नाही. लोक शांत झाले, आणि दोन मिनिटांनी बायांच्या रांगेतून हुंदके यायला लागले, नेहमी येतात तसे. गुलाबभाऊ मफलरनं डोळे पुसत होते. आधीच्या हसण्याचं पाणी होतं की नंतरचं, ते मला सांगता येणार नाही.

रद्द झालेल्या दोन गावांपैकी एकानं पुन्हा बोलावलं. दुसऱ्यानं नाही. गुणवंतरावांनी माफी मागितली नाही, आणि कमलाबाईनंही मागितली नाही. होळीच्या आधी मात्र त्यांनी माझ्याच हाती निरोप पाठवला: पुढच्या वर्षी तालमीला येऊन बसा, चुका आधीच सांगा, मंडळी तुमचा मान ठेवील.

मी मिलमध्ये जाऊन सांगितलं. कमलाबाई सूप पाखडत होती. हात थांबले नाहीत.

"सांगा भाऊले, नाई येत. तालमीत चुका काढून टाकल्या त आमी पायाचं काय?"

"मान देतो म्हणतात."

"मान पयल्या रांगेत भेटते. तिकीट काढलं का कोणाच्या बापाले भेत नाई माणूस. तालमीले गेली का मंग मी तुमची झाली. मंग घड्याळ दिसलं तरी हसता येनार नाई." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "नाई म्हणून सांगा. रागानं नाई सांगून राह्यली. पण नाई."

मी तसंच सांगितलं. गुणवंतराव ऐकून म्हणाले, "बाई ताठ आहे," आणि मी निघालो तसे, "चैतूले सांग, दोनी हात उन्हात धरत जाय." यावर मी हसलो, तर तेही हसले. रस्त्यात भेटल्यावर गुलाबभाऊंना ते आता हात वर करून नमस्कार करतात, आणि त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोलतात. कमलाबाईशी बोलत नाहीत. तिलाही त्याचं काही नाही.

यंदा पौषात गडचिरोलीला कान तपासणीचं शिबिर लागलं होतं. सुकरीनं नाव नोंदवलं, कमलाबाई नवऱ्याला घेऊन गेली, आणि गुलाबभाऊंना कानात घालायचं छोटं यंत्र मिळालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पूर्ण नाही, पण बरंच येईल. परतीच्या बसमध्ये त्यांनी इंजिनचा आवाज ऐकला आणि ड्रायव्हरला विचारलं, गाडी बिघडली का. घरी आल्यावर कमलाबाईनं त्यांना नावानं हाक मारली, जी ती कधी मारत नाही. ते म्हणाले, "तुहा आवाज जाड झाला."

त्याच आठवड्यात आमचा खेळ होता, नवं नाटक. दोघं पहिल्या रांगेत. पहिला अंकभर गुलाबभाऊ डोळे मोठे करून ऐकत होते. तबला वाजला की दचकायचे. नट ओरडला की पाठ खुर्चीला लावायचे. अकरा वर्षांनी त्यांनी नाटक ऐकलं. मध्यंतरात मी मुद्दाम बाहेर जाऊन विचारलं, "कसं वाटलं जी?"

"चांगलं आहे," ते म्हणाले, आता जरा हळू आवाजात. "चैतूचा आवाज माह्या मनात होता त्याच्यापेक्षा बारीक निंगाला."

दुसरा अंक सुरू झाला. पडदा वर गेला तेव्हा मी पाहिलं, गुलाबभाऊंनी कानातलं यंत्र काढलं, बटण बंद केलं आणि कमलाबाईच्या तळहातावर ठेवलं. तिनं भुवया वर करून विचारलं. त्यांनी मोठ्यानं, सगळ्या शामियान्याला कळेल असं सांगितलं, "लय आवाज आहे वो. काई दिसूनच नाई राह्यलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "श्श, बुढ्या!"

कमलाबाई वळली. "तिकीट काढलं आहे," ती म्हणाली, यंत्र पदराच्या गाठीत बांधलं आणि मंचाकडं बोट करून नवऱ्याला काहीतरी दाखवायला लागली. ते काय होतं, ते तिनं अजून मला सांगितलेलं नाही.